विचाराला वेळ लागतो : नसांच्या मोजमापातून मानसशास्त्र कसं जन्माला आलं

"डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग मला होतंय ते काय?" हा प्रश्न कुठल्याही फिजिशियनला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, जरा खालच्या आवाजात : "म्हणजे हे मानसिकच आहे का?" जणू काही चोरी पकडली गेली आहे. या दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत असते. शरीराचं दुखणं खरं, कारण ते मोजता येतं. मनाचं दुखणं हवेतलं, कारण ते मोजता येत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे विद्वानही असंच मानत. मन हा तत्त्वज्ञांचा विषय आणि शरीर हा वैद्यांचा, अशी वाटणीच झालेली होती. ती वाटणी मोडायला सुरुवात झाली एका बेडकाच्या पायापासून. ही गोष्ट समजून घेतली, तर स्वतःच्या रिपोर्टकडे बघण्याची तुमची नजर बदलेल, म्हणून आजचा लेख इतिहासावर.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. 'इंजेक्शनला नस सापडत नाही' म्हणतो, तेव्हा ती नस म्हणजे रक्ताची शीर. 'मानेत नस दबली' म्हणतो, तेव्हा ती नस म्हणजे नर्व्ह, मज्जातंतू. या लेखात नस म्हटलं की दुसरी.

नसांतून वाहतं तरी काय?

रोमन काळातला वैद्य गॅलेन याच्यापासून पुढे दीड हजार वर्षं युरोपात अशी कल्पना होती की नसांमधून एक सूक्ष्म, वायूसारखं चैतन्य वाहतं. १७९१ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरातला डॉक्टर लुइजी गॅल्व्हानी याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाच्या नसेला वीज दिली की पाय झटका देतो, हे त्याने दाखवलं. नस आणि वीज यांचं नातं तिथे जुळलं.

पुढचा टप्पा पाठीच्या कण्याचा. लंडनमध्ये चार्ल्स बेलने १८११ मध्ये आणि पॅरिसमध्ये फ्रान्स्वा माजाँदीने १८२२ मध्ये केलेल्या कामातून कळलं की मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या मुळांतून संवेदना आत जातात आणि पुढच्या बाजूच्या मुळांतून हालचालीचे हुकूम बाहेर येतात. म्हणजे जाणं आणि येणं यांचे रस्ते वेगळे. 'मला जाणवलं' आणि 'मी केलं' या दोन मनाच्या वाटणाऱ्या गोष्टींना शरीरात वेगवेगळी वाट मिळाली.

पण या वाटेवरून निरोप किती वेगाने जातो? बर्लिनचा योहानेस म्युलर हा त्या काळातला सर्वांत मोठा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्याचं मत असं की हा वेग मोजण्याचं साधन आपल्याला बहुधा कधीच मिळणार नाही. बोटाला चटका बसला की 'लगेच' कळतं, त्यात मोजायचं काय? मन तर तत्क्षणीच सगळं जाणतं, अशी सर्वांची धारणा होती.

०.८ सेकंदाने गेलेली नोकरी

या 'तत्क्षणी'वर पहिली शंका डॉक्टरांनी घेतली नाही, तर खगोलशास्त्रज्ञांनी. इंग्लंडमधल्या ग्रीनिच वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या तारेला नेमका कधी ओलांडतो, याची नोंद ठेवली जात असे. डोळा ताऱ्यावर आणि कान घड्याळाच्या ठोक्यांवर, अशी पद्धत. १७९५ च्या सुमारास वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलीन यांना दिसलं की त्यांचा सहायक डेव्हिड किनेब्रुक याच्या नोंदी आपल्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिराच्या येतात. समज देऊनही फरक पडेना. १७९६ मध्ये किनेब्रुकची नोकरी गेली.

पुढे वीस-पंचवीस वर्षांनी क्योनिग्सबर्गचा खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल याच्या लक्षात हे प्रकरण आलं. त्याने स्वतःच्या आणि इतर निष्णात निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. कुणाच्याच नोंदी एकमेकांशी जुळेनात. म्हणजे किनेब्रुक आळशी किंवा निष्काळजी नव्हता. पाहणं, ऐकणं आणि दोन्हींचा मेळ घालणं याला प्रत्येक माणसात वेगळा वेळ लागतो. पण तो वेळ शरीरात नेमका कुठे जातो, हे कुणालाच सांगता येईना.

हेल्महोल्ट्झचा बेडूक

ते काम १८४९-५० मध्ये त्याच क्योनिग्सबर्ग शहरात सुरू झालं. हेर्मान हेल्महोल्ट्झ हा म्युलरचा विद्यार्थी, काही वर्षं सैन्यात डॉक्टर होता, आणि नुकताच इथे शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला होता. मधुमेहात डोळ्याचा पडदा तपासायला डॉक्टर जो ऑफ्थॅल्मोस्कोप वापरतात, तो यानेच १८५१ मध्ये पुढे आणला.

त्याची युक्ती साधी होती. बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या नसेसकट वेगळा काढायचा. नसेला आधी स्नायूच्या जवळच्या ठिकाणी विजेचा हलका धक्का द्यायचा आणि स्नायू किती वेळाने आकुंचन पावतो ते मोजायचं. मग स्नायूपासून पाच-सहा सेंटीमीटर लांबच्या ठिकाणी धक्का द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. दुसऱ्या वेळी जो जास्त वेळ लागला, तो फक्त नसेच्या त्या पाच-सहा सेंटीमीटर प्रवासाचा. स्नायूला लागणारा वेळ दोन्हींत सारखाच, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो.

हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीड-दोन पट होता. इतका बारीक वेळ घड्याळाने मोजता येणार नव्हता. त्याने धक्का देताक्षणी गॅल्व्हानोमीटरमध्ये वीजप्रवाह सुरू होईल आणि स्नायू हलताक्षणी तो तुटेल, अशी जोडणी केली. सुई जितकी सरकली, तितका वेळ गेला. पत्नी ओल्गा हिची या प्रयोगांत त्याला मदत होती.

उत्तर आलं : सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर. म्हणजे जवळपास एक्सप्रेसवेवरून जाणाऱ्या मोटारीचा वेग. ज्याला लोक विजेसारखं, प्रकाशासारखं तत्क्षणी समजत होते, ते मोटारीच्या वेगाने चाललं होतं! हेल्महोल्ट्झने एका भाषणात देवमाशाचं उदाहरण दिलं : त्याच्या शेपटीला जखम झाली, तर ते त्याला कळायलाच सुमारे एक सेकंद लागेल, आणि शेपटी हलवण्याचा हुकूम परत पोहोचायला आणखी एक.

याचा अनुभव तुम्हीही घेतला आहे. पायाला ठेच लागते तेव्हा आधी 'लागलं' हे कळतं, आणि क्षणभराने कळ मस्तकात जाते. कारण स्पर्शाचा निरोप नेणाऱ्या जाड नसा सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने काम करतात, तर ठसठस आणि जळजळ नेणाऱ्या बारीक नसा सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. एकाच ठेचेची दोन पत्रं, एक कुरिअरने आणि एक साध्या टपालाने.

हेल्महोल्ट्झने मग माणसावरही प्रयोग केले. त्वचेवर एकदा मेंदूपासून लांब आणि एकदा जवळ धक्का द्यायचा, आणि जाणवताच हाताने खूण करायची. पण इथे आकडे स्थिर राहीनात. तोच माणूस लक्ष देऊन बसला असेल तर लवकर खूण करी, थकलेला किंवा दुसऱ्या विचारात असेल तर उशिरा. नसेचा वेग मोजू पाहणाऱ्याला ही अडचण होती. पण याच अडचणीत पुढच्या पिढीला खजिना सापडला.

डाँडर्सची वजाबाकी

फ्रान्सिस्कस डाँडर्स हा नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचा डोळ्यांचा प्रसिद्ध डॉक्टर. त्याने उलटा विचार केला. निरोप नसेतून जायला लागणारा वेळ थोडा आहे, हे कळलंच आहे. मग बाकीचा वेळ कुठे जातो? मेंदूत. म्हणजे तो विचाराचाच वेळ. तोच का मोजू नये?

त्याचा प्रयोग असा : माणसाच्या दोन्ही पायांना विजेचा हलका धक्का देण्याची सोय करायची. उजव्या पायाला धक्का बसला तर उजव्या हाताने खूण करायची, डाव्याला बसला तर डाव्याने. एकदा कोणत्या पायाला बसणार ते आधी सांगायचं, एकदा सांगायचं नाही. न सांगता केलेल्या प्रयोगात सुमारे १/१५ सेकंद जास्त लागला. पाय तेच, हात तेच, नसा त्याच. जास्तीचं काम एकच होतं : 'उजवा की डावा' हे ठरवणं. एका निर्णयाला लागणारा वेळ हाती आला. हे काम १८६८ मध्ये त्याने सविस्तर प्रसिद्ध केलं.

तुम्हाला घरी करून पाहता येईल. कुणाला तरी ३० सेंटीमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा, शून्य खाली. तुमचा अंगठा आणि तर्जनी शून्यापाशी, पट्टीला न टेकवता उघडी ठेवा. त्यांनी न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. १५ सेंटीमीटरवर पकडलीत तर तुम्हाला सुमारे ०.१७ सेकंद लागला, २० वर पकडलीत तर ०.२ सेकंद. आता दोन पट्ट्या घ्या, दोन्ही हातांजवळ एकेक. कोणती सुटेल ते आधी कळता कामा नये. बहुतेकांची पट्टी आता आणखी खाली घसरते. ती जितकी जास्त घसरली, ती तुमच्या निवडीची किंमत.

मेंदूपासून बोटापर्यंत जेमतेम एक मीटर अंतर. तेवढ्याला नसांना सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. उरलेला बहुतेक वेळ डोळा, मेंदू आणि स्नायू यांच्या कामात जातो. गाडी चालवताना फोनवर बोलू नका असं डॉक्टर आणि पोलीस दोघंही सांगतात, ते यासाठीच. फोनमुळे नस मंदावत नाही, निर्णय मंदावतो.

डाँडर्सच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही आले. मनाचं एक काम वाढवलं की बाकीची कामं जशीच्या तशी राहतात, हे त्याने गृहीत धरलं होतं, आणि ते नेहमी खरं नसतं. तरीही त्याची वजाबाकी आजही जिवंत आहे. मेंदूचे रंगीत फंक्शनल एमआरआय फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यातलीही एक मूळ पद्धत हीच : काम करतानाच्या चित्रातून काम नसतानाचं चित्र वजा करायचं.

लाइपझिगची खोली

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस. विल्हेल्म वुंट हा शिक्षणाने डॉक्टर. हायडलबर्गमध्ये वैद्यकाची पदवी घेऊन तो १८५८ पासून काही वर्षं हेल्महोल्ट्झचाच सहायक होता. १८७४ मध्ये त्याचा शरीरक्रियात्मक मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ पूर्ण झाला. नावातच दावा होता : मनाचा अभ्यास शरीरक्रियाशास्त्राच्या पद्धतींनी करता येतो. १८७९ मध्ये लाइपझिग विद्यापीठात त्याने मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. बहुतेक पाठ्यपुस्तकं आधुनिक मानसशास्त्राचा जन्म याच वर्षापासून धरतात.

तिथे सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं क्रोनोस्कोप होतं, विजेची उपकरणं होती, ठोके देणारे लंबक होते. नसांच्या प्रयोगशाळेतली अवजारं उचलून मनाच्या प्रयोगशाळेत आणली होती. जर्मनी, अमेरिका, इंग्लंडहून विद्यार्थी येऊन ही विद्या घेऊन गेले. मनोविकारांची आधुनिक वर्गवारी ज्याच्या कामावर उभी राहिली, तो एमिल क्रेपेलिन इथे येऊन गेला होता. दारू आणि चहा यांचा मनाच्या कामावर काय परिणाम होतो, हे त्याने प्रयोगांनी मोजलं. वुंटचा शिष्य म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेला, त्याच्याकडे नरेंद्रनाथ सेनगुप्ता शिकले, आणि १९१६ मध्ये कोलकाता विद्यापीठात सुरू झालेल्या मानसशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. बेडकाचा पाय असा भारतापर्यंत पोहोचला.

वुंटची एक गोष्ट मात्र अनेकदा सांगायची राहून जाते. मनाचं सगळंच प्रयोगशाळेत मोजता येईल, असं त्याने कधी म्हटलं नाही. संवेदना, लक्ष, प्रतिक्रिया या साध्या गोष्टी मोजा. भाषा, धर्म, रूढी यांतून घडणारं मन समजायला दुसरी वाट लागेल, असं त्याचं मत होतं, आणि आयुष्याची शेवटची वीस वर्षं त्याने त्यावरचे दहा खंड लिहिण्यात घालवली.

'टॅन'ने शिकवलेलं

वेळेचा शोध चालू असताना तिकडे फ्रान्समध्ये जागेचा शोध लागत होता. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पायाच्या गंभीर जंतुसंसर्गासाठी एका रुग्णाला सर्जन पॉल ब्रोकाकडे आणलं गेलं. एकवीस वर्षं तो तिथेच राहत होता आणि त्याला 'टॅन' एवढंच बोलता येई, म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणत. त्याचं नाव लबोर्न्य. लोक काय बोलतात ते त्याला बऱ्यापैकी समजे. काही दिवसांतच तो गेला. ब्रोकाने मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. समजणं शाबूत आणि बोलणं गेलेलं, म्हणजे भाषा ही एकसंध गोष्ट नाही. तिचे भाग मेंदूत वेगळ्या ठिकाणी आहेत.

लकवा झालेल्या रुग्णाच्या घरच्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. बोलता येत नाही, म्हणजे समजत नाही असं नव्हे. त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून 'आता काही खरं नाही' असं बोलू नका, ते ऐकत असू शकतात. आणि कुणाची वाचा अचानक गेली, शब्द अडखळू लागले, तर 'थकवा असेल' म्हणून थांबू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

जिथे नसांनी चकवलं

नसांच्या संशोधनाने मानसशास्त्राला फक्त खरंच दिलं असं नाही. ब्रोकाच्या आधी फ्रान्झ गाल याने कवटीचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगण्याचं शास्त्र काढलं. ते साफ चुकीचं ठरलं, पण अनेक दशकं लोकांनी त्यावर पैसे घालवले.

दुसरी चूक अजून आपल्या घरात आहे. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरने 'न्यूरास्थेनिया' हे निदान लोकप्रिय केलं. सोप्या मराठीत, नसांचा अशक्तपणा. कल्पना अशी की नसांमधली शक्ती बॅटरीसारखी संपते, म्हणून थकवा, झोप न येणं, धडधड, उदासी. उपाय म्हणून शरीराला विजेचे हलके झटकेही देत. वैद्यकाने ही कल्पना मागे सोडली, पण 'नसांची कमजोरी' हा शब्द बाजारात राहिला आणि त्याच्या नावावर टॉनिकं खपत राहिली. बी-१२ तपासणीत खरोखर कमी असेल, तर त्याची गोळी किंवा इंजेक्शन घ्यायलाच हवं. पण चार महिने झोप नाही, कशात रस वाटत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, याला 'नसांची कमजोरी' म्हणून टॉनिक घेत बसणं म्हणजे नैराश्यावरचा खरा उपचार लांबवणं.

तरी हे निदान इतकं चाललं, याचं कारण समजण्यासारखं आहे. 'मन दुखतंय' म्हणण्यापेक्षा 'नसा थकल्या' म्हणणं माणसाला कमी लाजेचं वाटतं. तेव्हाही वाटे, आजही वाटतं.

तुमच्या रिपोर्टशी याचा संबंध

मधुमेहात पाय बधिर झाले किंवा रात्री हाताला मुंग्या येऊ लागल्या, की डॉक्टर एनसीव्ही तपासणी सांगतात. त्यात मनगटाशी एकदा आणि कोपराशी एकदा विजेचा हलका धक्का देतात आणि दोन्ही वेळांची वजाबाकी करून नसेचा वेग काढतात. हा हुबेहूब हेल्महोल्ट्झचा प्रयोग आहे, फक्त बेडकाच्या जागी तुमचा हात. निरोगी माणसाच्या हाताच्या नसेत हा वेग सहसा सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून जास्त येतो.

या तपासणीला जाड, वेगवान नसाच दिसतात. जळजळ नेणाऱ्या त्या साध्या टपालाच्या बारीक नसा तिला दिसत नाहीत. त्यामुळे मधुमेहात पायांची आग होत असताना एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते. मग 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ एवढाच : या यंत्राला जे मोजता येतं, त्यात बिघाड सापडला नाही. त्रास खोटा आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि डॉक्टर 'मानसिक कारण वाटतं' म्हणाले, तर तेही 'काही नाही' असं सांगत नसतात. निर्णयाला वेळ लागतो, लक्ष विचलित झालं की तो वाढतो, मेंदूच्या एका जागी इजा झाली की शब्द जातात. मनाचं कामही याच शरीरात, याच पेशींत चालतं, हे या लोकांनी मोजून दाखवलं. चिंतेने होणारी धडधड खरीच धडधड असते, हृदय खरंच वेगाने धावत असतं.

म्हणून पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या तपासणीत काय दिसतं? काय दिसत नाही? आणि माझ्या त्रासासाठी आता पुढची पायरी कोणती? ती पायरी मानसोपचारतज्ज्ञाकडे जात असेल, तर जशी हृदयरोगतज्ज्ञाची चिठ्ठी घेता, तशीच तीही घ्या.